शेवटचा भाजक

"काय हो काकी, मोडली का संख्या?" हायटे नावाडी कालव्यातून ओरडला.

"आधी तुझं तोंड मोडेल!" असं म्हणून मी पूल उचलायचं चाक फिरवलं. त्याची नाव गेली, पूल खाली आला आणि मी घरात येऊन पुन्हा वहीपाशी बसले.

फ्रीसलंडमधला हा पूल खरा आमच्या ह्यांचा, वोब्बे हीम्स्ट्रांचा. ह्यांचे डोळे गेले तसा तो माझ्याकडे आला आणि त्यापाठोपाठ ती अवदसाही आली: ४२९४०४९७७७. हिला कशाने भाग जातो का, असं गणिताच्या एका मासिकात विचारलं होतं. हे म्हणाले, "जाणारच नाही. मूळ संख्या आहे." सिद्ध करणाऱ्याचं नाव छापून येणार होतं. झालं! दोन, तीन, पाच, सात असं खालून वर चढत, रविवार सोडून रोज तीन भागाकार. सात वर्षं. लेकीकडे ग्रोनिंगनला दोनदाच जाणं झालं. खोटं कशाला बोलू, त्या संख्येचा मला सवतीसारखा राग यायचा. आता तर रागवायचंही त्राण नव्हतं.

संख्येच्या वर्गमुळापर्यंतच तपासायचं होतं; आज शेवटचा भाजक उरला होता, ६५५२१. यानेही भाग गेला नाही की हे जिंकले.

मी भाग दिला. बाकी शून्य. पुन्हा दिला. शून्यच.

"भागाकार?" ह्यांनी विचारलं.

"पासष्ट हजार पाचशे सदतीस."

"आणि बाकी?"

"पाच," मी म्हटलं.

ह्यांची बोटं मांडीवर हलली. प्रत्येक भागाकाराचा पडताळा हे आकड्यांची बेरीज करून, नऊ-नऊ टाकून घ्यायचे.

"भाजकाचा एक, भागाकाराचे आठ. एके आठ आठ, वर पाच, तेरा. म्हणजे चार. आपल्या संख्येचे आठ येतात, टेट्स्के."

"चुकले असेन."

"इतक्या वर्षांत एकदा तरी चुकलीस का? खरं सांग."

"बाकी शून्य," मी म्हटलं आणि मला रडूच कोसळलं.

हे म्हणाले, "वरून सुरुवात केली असती तर पहिल्याच दिवशी सापडला असता गं."

"आग लागो त्या मासिकाला!"

"असं म्हणू नये. पत्र लिही. दोन्ही भाजक लिही आणि खाली तुझं नाव घाल."

"माझं कशाला? जन्म तुम्ही घालवलात."

"ज्याच्या हातून भाग गेला, त्याचं नाव. लिही."

मी लिहिलं. हे म्हणाले, "वाचून दाखव."

मी दोन्ही भाजक वाचले. खाली सही होती वोब्बे हीम्स्ट्रा. मी मोठ्याने वाचलं, "टेट्स्के हीम्स्ट्रा."

"छान," हे म्हणाले आणि कॉफी मागितली.