नव्वद मिनिटांचा वर्ग

गोजराचं पत्र शनिवारी आलं. पाकिटावर टाइप केलेलं तिचं नाव होतं आणि खाली केअर ऑफ म्हणून माझं. सानपाडा गावात पोस्टमन कधी जायचा, कधी नाही, म्हणून तिनं अर्जात माझा वाशीचा पत्ता दिला होता. फोर्टमधल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची जागा होती. इंग्रजी बोलता येणारी मुलगी हवी होती.

मी पत्र फोडलं नाही. फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. उद्या रविवार, ती वर्गाला येईल तेव्हा देऊ, असं मनाशी म्हणालो. रविवार आला आणि मी दिलं नाही.

वर्ग माझ्या बायकोचा. पुतळा तिचं नाव. फेब्रुवारीत गेली. तिचे वडील मुंबईत एका क्लबच्या फुटबॉल मैदानावर माळी होते. ती त्या मैदानाच्या कडेला वाढली आणि तिथलं ऐकून ऐकून इंग्रजी शिकली, पुस्तकातलं नंतर. ब्याऐंशी साली स्पेनला वर्ल्डकप होता, तेव्हा तिनं आमच्या बाहेरच्या खोलीत वर्ग सुरू केला. रविवारी दुपारी दोन वाजता. सानपाड्याची आणि आसपासची बारा-तेरा मुलं-मुली यायची, सगळी मॅट्रिकला इंग्रजीत अडकलेली नाहीतर कशीबशी सुटलेली.

प्रत्येकाला तिनं एकेक देश दिला. पेपरात त्या देशाचं जे येईल ते वाचायचं आणि उभं राहून सांगायचं. गोजराला पेरू दिला तेव्हा बंडू म्हणाला, "मीठ लावून खाऊ काय?" सगळे हसले. गोजरा रडवेली झाली. पुतळानं तिला सांगितलं की पेरूची माणसं समुद्रावर जगतात, मासे धरतात. पुढच्या रविवारी गोजरा उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, माझ्या देशात माझी आई मासे विकते. ते तिचं पहिलं वाक्य.

बंडूचा देश कॅमेरून. ते एकही मॅच हरले नाहीत आणि तरी घरी गेले. बंडूला ते सहन होईना. "न हरता घरी? हा कुठला न्याय बाई?" पुतळा म्हणाली, भांड माझ्याशी, पण इंग्रजीत भांड. तो दहा मिनिटं भांडला. आपण कुठल्या भाषेत भांडतोय हे त्याला नंतर कळलं.

वर्गात मराठी बंद होती. मॅचमध्ये मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन असतो तसा मी वर्गाचा लाइनमन. चौथी शिकलेला, रबाळ्याच्या कारखान्यात फिटर. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मराठी शब्द आला की कळायचं. मी लाल फडक्याचा झेंडा वर करायचा. म्हणजे ऑफसाइड.

नव्वद मिनिटं झाली की पुतळा घड्याळ बघायची आणि विचारायची, "हू वेस्टेड टाइम?" ज्यानं वेळ घालवला त्यानं उभं राहून कबूल करायचं. कुणी दोन मिनिटं, कुणी पाच. तेवढी मिनिटं ती जोडायची. खोटं कुणी बोलत नसे. तिला कुणी खोटं सांगत नसे.

ती गेल्यावर मी वर्ग बंद करणार होतो. पण तिसऱ्या रविवारी मुलं दारात उभी राहिली. शिकवायला गोजरा पुढे झाली, तिचं सगळ्यात चांगलं होतं म्हणून. मी सरबत करायला आत गेलो आणि तिथेच थांबलो. भिंतीपलीकडून पुतळा बोलत होती.

माझ्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. गोजरा इंग्रजी पुतळाकडूनच शिकली होती, दुसरं कुणाचं तिनं ऐकलंच नव्हतं. म्हणून वाक्याच्या शेवटी आवाज खाली न्यायची ती तशीच, अवघड शब्दाआधी फळ्यावर दोनदा बोट वाजवायची तेही तसंच. मला शब्द कळायचे नाहीत, त्यामुळे मला फक्त आवाज ऐकू यायचा. मध्यंतराला आतून मी, पुतळाला म्हणायचो तसं, "आलो गं" म्हणालो. बाहेर सगळे गप्प झाले.

तेव्हापासून मी रविवारसाठी जगत होतो. सोमवारी घर रिकामं व्हायचं, रविवारी दोन वाजता पुतळा यायची. गोजराला नोकरी लागली की रविवारही जाईल, ती शिफ्टची नोकरी होती. म्हणून पत्र डब्यात राहिलं. फोडलं नाही म्हणजे पाप अर्धंच आहे, असं वाटायचं. आठवडाभर फळीकडे पाठ करून जेवलो.

पुढच्या रविवारी गोजरा आली ती उतरलेला चेहरा घेऊन. वर्गाआधी मराठी चालायची.

"काय गं, साहेबाचं पत्र?" बंडूनं विचारलं.

"काय नाय आला अजून."

"दुसरी कोण तरी घेतली असणार. टेन्शन नको घेऊ. माझ्या काकाच्या कोळंबीच्या पाट्या उचलायला ये."

"तुजा काका माना परवडंल, तू नाय."

मुलं हसली. ती हसली नाही. मी झेंडा घेऊन बसलो. त्या वेळी मेक्सिकोला वर्ल्डकप चालू होता, मुलं मोरोक्कोबद्दल बोलत होती. गोजरानं शिकवलं, पण मधेच थांबायची, खिडकीतून रस्त्याकडे बघायची.

साडेतीन झाले. कुणी उठलं नाही. गोजरानं घड्याळ बघितलं आणि आवाज खाली नेत विचारलं, "हू वेस्टेड टाइम?"

तो आवाज पुतळाचा होता. मी त्या आवाजाला बावीस वर्षं ओळखत होतो.

बंडू उठला, "आय वेस्टेड थ्री मिनिट्स." मागची एक मुलगी उठली, दोन मिनिटं. मग मी उठलो. लाइनमनला हा प्रश्न कधी नव्हता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत ऐकून जेवढं अंगात गेलं होतं तेवढं बाहेर आलं.

"आय वेस्टेड एट डेज," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मी आतून डबा आणला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिनं शिक्का बघितला, पाकीट फाडलं, वाचलं.

"उद्या," ती म्हणाली. "उद्या दहा वाजता. मूळ दाखला घेऊन." मग माझ्याकडे वळली. "ह्या कवा आला?"

"मागच्या शनिवारी."

"आनि तुमी डब्यान घालून ठेवला? माजा दाखला नावड्याला मामीच्या ट्रंकेन हाय, काका! आठ दिस व्हते माना!"

मी तिला खरं ते सांगितलं. तू इंग्रजी बोलतेस तेव्हा पुतळा बोलते. ते जाऊ नये म्हणून.

"आनि मी?" ती ओरडली. "मी कवा बोलू? बाई माज्या तोंडान नाय र्‍हात. मी र्‍हाते तिथं. माजी आय बाजारान बसते, तिची मी पोर. गोजरा हाय मी!"

खोलीत एवढी मराठी कधी झाली नव्हती. झेंडा माझ्या खुर्चीवर पडला होता. मी कान देऊन ऐकत होतो. त्या आवाजात पुतळा कुठे नव्हती. फेब्रुवारीत जे झालं ते मला त्या मिनिटाला खरं वाटलं.

"दाखला मी आणतो," मी म्हणालो. "तू घरी जा. साडी काढ, उद्याची तयारी कर."

"मामी तुमाला कशी देल?"

तिनं वहीचं पान फाडून मराठीत लिहिलं: मामी, या माणसाकडे माझा दाखला दे. काका लिहिलं नाही. मी वाचलं आणि खिशात घातलं.

कळंबोलीला एस.टी. बदलून नावड्याला पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. मामीचं नाव बयाबाई. ओट्यावर सुकट निवडत बसली होती. चिठ्ठी तिनं उलटसुलट केली आणि मला परत दिली.

"माना वाचता येत नाय. तुमीच सांगा. कोन तुमी तिचे?"

वाटेत मी बरीच उत्तरं तयार केली होती. बाईंचा नवरा, शेजारी, ओळखीचा.

"तिचं नोकरीचं पत्र आलं होतं," मी म्हणालो. "ते मी आठ दिवस लपवून ठेवलं. उद्या दहाला मुलाखत आहे, दाखला लागतो."

ती निवडायची थांबली. मग आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन बाहेर आली. मी हात पुढे केला.

तिनं कागद दिला नाही. पिशवी पदराखाली घेतली, पायात चपला सरकवल्या आणि शेजारणीला सुकट बघायला सांगितली.

"चला," ती म्हणाली. "मीच येते."

ती पुढे आणि मी चार पावलं मागे, असे आम्ही एस.टी.च्या थांब्याकडे निघालो.