दाराशी उभा होता तो

"बोईड, तूच सांग सगळ्यांना. मुलीचं नाव तेवढं नको," मिस रोझलिन म्हणाल्या. होड्यांच्या शेडमध्ये टाळ्या पडल्या. नील्सनेही दोन वाजवल्या; आतून मात्र त्याचा जळफळाट चालला होता.

कॉलेजच्या आठ वल्ह्यांच्या होडीचा नील्स हा तांडेल, सुकाणू धरून हाका देणारा. चण लहान, पण आवाज असा की आठ धिप्पाड गडी त्याच्या हाकेवर पाठी मोडत. आणि कौतुक कुणाचं? तर आठव्या वल्ह्यावर, त्याच्या अगदी समोर बसणाऱ्या या बोईडचं! गाईंच्या गोठ्यात वाढलेला, दिवसाकाठी दहा शब्द बोलेल तर शपथ. गेल्या शनिवारी, शर्यतीनंतरच्या मेजवानीत, त्यांच्याच होडीतला ग्रँट एका मुलीला आतल्या खोलीकडे नेत होता. तिला धड उभंही राहवत नव्हतं. बोईडने तिला सोडवलं. ग्रँटला संघातून काढलं, आणि अशा वेळी बघ्याने काय करावं ते शिकवायला मिस रोझलिन आल्या.

बोईड कानांपर्यंत लाल झाला. "मी... म्हणजे... नील्स सांगेल. त्याला बोलता येतं."

"त्याचं तोंड बंद असतं कधी?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

नील्स उठला. कीर्तनकाराचं आख्यान रंगात यावं तसं त्याने सांगायला घेतलं. अंगणात भाजली जाणारी सॉसेजं, कर्कश गाणी, तिच्या दंडावरचा ग्रँटचा हात. बाकांवरची पोरं पुढे झुकली.

"बोईड सरळ आत गेला. म्हणाला, 'अगं, तुझी मैत्रीण शोधतेय तुला.' बस्स, एवढंच! मी असतो तर..."

नारदाच्या गादीवर उभं राहिलं की खोटं जिभेवर टिकत नाही म्हणतात. बोईड मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच नाडी. नील्सला बाजूला सारूनच तर तो आत गेला होता, आणि आठवडाभर त्याने ब्र काढला नव्हता.

"दाराशी एक जण आधीपासून उभा होता," नील्स म्हणाला. "ग्रँटने डोळा मारला, तर तो हसला."

"कोण रे तो भेकड?"

"मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रँटच्या जागी बदली गडी घेऊन, होडी तळ्यात उतरली. निघण्याआधी पुढच्या टोकापासून एकेकाने आपला आकडा पुकारायचा, म्हणजे गडी तयार.

"मोजा," नील्स म्हणाला. आवाज जेमतेम फुटला.

कुणी बोलेना. पाणी होडीला हलकेच थापटत राहिलं.

"आठ," बोईड म्हणाला. सगळ्यांत शेवटचा आकडा, सगळ्यांच्या आधी.

मग बऱ्याच वेळाने, दूरच्या टोकाकडून, नाखुशीने: "एक."