दाराशी फक्त पानं

“अगं आई, जन्मात एक फळ दिलं नाही त्या वेलानं! तू गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलीस, तेव्हा म्हटलं जागा तरी मोकळी करू,” ओयार्स म्हणाला.

आउस्मा काठी टेकून तोडलेल्या बुंध्याकडे बघत राहिली. कप्पाळ माझं! तिच्या नवऱ्यानं, येकाब्सनं, थंडीत तगणाऱ्या किवीचे दोन वेल लावले होते. मादीला द्राक्षाएवढी फळं यायची, नराला फुलं यायची पण फळ नाही, एरवी नुसती गुलाबी-पांढरी पानं.

“अरे शहाण्या, तो नर होता. त्याच्याशिवाय ही मादी फळं काय आभाळातून आणणार?”

ओयार्सचा चेहरा उतरला. मादीच्या कळ्या उमलू लागल्या होत्या. चार दिवसांत गळून जाणार. येकाब्सला जाऊन वर्ष होत आलं होतं. ऑगस्टात सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरीपाशी जमतं. त्या दिवशी त्याची फळं त्याच्यापाशी ठेवायची, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

गावात दुसरा नर एकच, विज्माच्या दाराशी. येकाब्सचं लग्न आधी विज्माशीच ठरत होतं. ते कलमही तेव्हाच त्यानं दिलेलं. पुढे तो आउस्माचा झाला आणि दोघींचं बोलणं कायमचं तुटलं.

“काय गं, वाट चुकलीस?” फाटकातच विज्मानं विचारलं.

“नराची फुलं हवीत. आमचा वेल पोरानं तोडला.” आउस्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विज्मा तिच्या गुडघ्याकडे बघत म्हणाली, “आणि शिडीवर कोण चढणार, तू? चल.”

विज्मानं ओच्यात फुलं खुडली आणि आउस्माच्या अंगणात शिडीवर चढून ती मादीच्या एकेका फुलाला अलगद टेकवली. येकाब्सचं नाव कुणीच काढलं नाही.

ऑगस्टात वाडगाभर फळं निघाली. जमायच्या दिवशी गावच्या रीतीप्रमाणे येकाब्सच्या कबरीभोवतीच्या वाळूवर आउस्मानं दाताळ्यानं ताज्या रेघा ओढल्या होत्या. विज्मा फुलं घेऊन रेघांच्या बाहेरच थांबली. आउस्मानं कबरीजवळच्या बाकावरूनच वाडगा पुढे केला. विज्मानं एक फळ सालासकट तोंडात टाकलं.

“अशी लागतात होय?”

“कधी खाल्ली नाहीस?”

“कोण देणार? माझ्या दाराशी नुसती पानं.”

आउस्माला गलबलून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. दरवर्षी गावभर मुरंबा वाटताना तिनं एवढं एकच घर वगळलं होतं.

“आत ये ना.”

“रेघा मोडतील गं.”

“मोडू देत,” आउस्मा म्हणाली आणि बाकावर सरकून तिनं जागा केली.