झडपेखालचा पडदा

मी डॉक्टरीणबाईंचा जुना स्टेथोस्कोप आहे, मित्रांनो. त्या शिकत होत्या तेव्हापासून मी त्यांच्या गळ्यात होतो. माझ्या जिवावर त्यांनी कितीतरी दुखणी ओळखली. मग दवाखान्यात नवी यंत्रं आली आणि मी खणात जाऊन पडलो. नळी ताठरली, पण मी ऐकायचं विसरलो नव्हतो.

एका सकाळी घरांना रंग देणाऱ्या एक बाई आल्या. वय चव्वेचाळीस, कोपरापर्यंत चुन्याचे डाग. सोबत त्यांची थोरली बहीण होती. शिडीवर असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बाई रंगाच्या डब्यासकट खाली पडल्या होत्या.

"रंगाच्या वासाने हिला दमा झालाय," बहीण म्हणाली. "दोन वर्षं फवारा ओढतेय."

"फवाऱ्याने कुठे काय फरक पडलाय?" बाई म्हणाल्या. "चौथ्या पायरीवर छाती आवळते ती आवळतेच."

त्यांनी सोबत आणलेल्या हृदयाच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'झडप ठीक' असं लिहिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि खणातून मला काढलं. मी छातीला टेकलो. प्रत्येक ठोक्याला करवत चालावी तसा खरखरीत आवाज येत होता. झडप अरुंद असली, की त्या खरखरीआधी बहुधा एक बारीक टिचकी वाजते. ती इथे नव्हती. डॉक्टरीणबाईंनी मला चार वेळा जागा बदलून लावलं.

"झडप मोकळी आहे, तर रक्त अडतंय कुठे?" त्या म्हणाल्या. "पुन्हा तपासू. या वेळी अन्ननलिकेतून नळी घालून, जवळून."

बहीण कुरकुरली. बाई मात्र म्हणाल्या, "एकदाचा छडा लागू दे."

छडा लागला. झडपेच्या खाली, रक्त बाहेर पडायच्या वाटेवर, एक पातळ पण चिवट पडदा वाढला होता. त्याच्या फटीतून सुटणारा झोत वरच्या झडपेवर आदळत होता आणि ती आता थोडी गळूही लागली होती. थांबून चालणार नव्हतं.

"छाती उघडावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाईंनी विचारलं, "शिडी चढता येईल ना परत?"

"येईल. पण पडदा पुन्हा वाढू शकतो. दरवर्षी यावं लागेल."

"भिंतीची ओलसुद्धा परत येते. म्हणून काय पोपडे तसेच ठेवायचे? काढा."

शस्त्रक्रिया झाली. सहा महिन्यांनी बाई कामावर गेल्या. छातीतला खरखरीत आवाज जवळजवळ गेला होता. तिसऱ्या वर्षी मला तो पुन्हा किंचित ऐकू आला, तपासणीत पडद्याची केसाएवढी रेघ दिसली.

"आता फक्त लक्ष ठेवायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख घेतली आणि तिथूनच एका शाळेच्या भिंती रंगवायला गेल्या.

मित्रांनो, घरात कुणी दम लागतो म्हणालं, तर 'दमाच असेल' म्हणून सोडून देऊ नका. कारण सापडेपर्यंत विचारत राहा. आणि बरं वाटलं तरी तपासणी चुकवू नका.