बोथट आकडा

होबर्ट कॉडिलची रायफल डेन्सिलच्या दुकानात आली ती गोधडीत गुंडाळलेली, आणि ती घेऊन आली होबर्टची बायको ओलीटा. ज्या माणसाने डेन्सिलला कानस कशी धरायची ते शिकवलं, त्याची रायफल डेन्सिलकडे दुरुस्तीला यावी, म्हणजे काहीतरी नक्की बिनसलं होतं. टर्की लिकच्या खोऱ्यात होबर्टने आपली रायफल दुसऱ्याच्या हातात दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुकान म्हणजे घरामागचं जुनं खुराडं. कोंबड्या जाऊन वर्षं झाली, तरी उन्हाळ्यात वास येतोच. खारींच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आल्यामुळे टेबलावर लोकांच्या बंदुका ओळीने पडल्या होत्या. डेन्सिलने त्या बाजूला सारल्या आणि काकूला बसायला स्टूल पुसून दिलं.

तक्रार साधी होती. बावीसच्या, म्हणजे अगदी बारक्या गोळीच्या या रायफलीत गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपसूक बाहेर उडते आणि पुढचं काडतूस आत सरकतं. होबर्टच्या रायफलीत पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी बाजूच्या खिडकीतच अडकून उभी राहायची, छपरावरच्या धुराड्यासारखी, आणि मग सगळंच ठप्प. डेन्सिलने आतला मागेपुढे सरकणारा बोल्ट काढून पाहिला. आत काजळी होती, पण खरं दुखणं तिचं नव्हतं. काडतुसाच्या कडेला धरून पुंगळी मागे ओढणारा जो नखाएवढा आकडा असतो, त्याचं टोक झिजलं होतं. नवा आकडा खणात पडला होता. कॉफी निवायच्या आत होईल असं काम, असं तो ओलीटाला म्हणाला.

"करू नकोस," ओलीटा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. होबर्टचं डोकं गेल्या हिवाळ्यापासून ठिकाणावर नव्हतं, हे डेन्सिलला ठाऊक होतं. बायकोला तो कधीकधी विचारायचा की बाई, हे घर कुणाचं. हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर सगळ्यांनी नेलं. पण परवा गॅसची टाकी भरायला लॉन्झो आला, तर होबर्टला तो खाणीच्या कंपनीचा बंदूकवाला वाटला, संपाच्या वेळी मजुरांच्या दारात उभे राहायचे तसला. ओसरीवरून त्याने गोळी झाडली. ती लॉन्झोच्या डोक्यावरून जाऊन अक्रोडाच्या खोडात बसली. दुसरी झाडायला गेला आणि पुंगळी अडकली. तेवढ्यात ओलीटा धावली. लॉन्झो चर्चमधला, त्याने शेरीफला काही कळवलं नाही. पण दुसऱ्या वेळी नळी आपल्या छातीवर रोखलेली होती, हे त्याने तिला दोनदा सांगितलं. होबर्टला संध्याकाळपर्यंत त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

डेन्सिलने साहजिकच सुचवलं की रायफल इथेच राहू दे. ओलीटाने तेही करून पाहिलं होतं. वसंतात तिने रायफल बहिणीकडे नेऊन ठेवली, तर होबर्टने घरातलं कपाट न् कपाट उपसलं, मग तिला चोर म्हणाला, मग जेवण सोडलं. मक्याचा पाव आणि शिजवलेला घेवडा समोर तसाच वाळायचा. शेवटी तिने रायफल परत आणली आणि त्याच दिवशी तो पोटभर जेवला. नवरा उपाशी मरू नये आणि दारात आलेला माणूसही मरू नये, एवढंच तिचं मागणं होतं. खरं तर हे मागणं मुळीच लहान नव्हतं.

पण डेन्सिलच्या ते घशाखाली उतरेना. बिघडलेली बंदूक दुरुस्त करायची नाहीतर मोडीत काढायची, दुकानाबाहेर तशीच जाऊ द्यायची नाही, हा होबर्टचाच नियम. डेन्सिलने तो एवढी वर्षं पाळला होता, आणि त्या जोरावरच डोंगरापलीकडची माणसं त्याच्याकडे यायची. आता तो मोडायचा, तोही होबर्टच्याच रायफलीवर.

त्याने तो मोडला. आधी काडतुसावर आपटून ते पेटवणारी पिन आखूड केली, म्हणजे चाप कितीही ओढला तरी काडतुसापर्यंत ती पोचणार नाही. ओलीटाने घरातली काडतुसं शोधून आणली: टेबलाच्या खणातली, कोटाच्या खिशातली, एक तर पिठाच्या डब्यातलं. त्यांच्या जागी त्याने खोटी काडतुसं बनवून दिली, वरून हुबेहूब, आत दारू नाही. आणि सरतेशेवटी झिजलेला आकडा पक्कडीत धरून कानशीने आणखी बोथट केला, म्हणजे खोटं काडतूसही तो नीट ओढणार नाही आणि बिघाड पहिल्यासारखाच दिसेल. चांगल्या हाताने वाईट काम करताना त्याला लाज वाटली. त्याने रेडिओ मोठा केला आणि काम उरकलं.

शनिवारी तो रायफल घेऊन होबर्टकडे गेला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्यासमोर ती ठेवली आणि ठरवल्याप्रमाणे सांगितलं की काका, मला काही जमलं नाही, पुंगळी अडकतेच आहे.

होबर्टने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बावीसची रायफल, लेका. तोफ नव्हे. मी शिकवलं ते चुकलं, का तू शिकलास ते चुकलं?"

"दोन्ही असेल, काका."

"बस. दाखवतो."

त्या दिवसापासून होबर्टला काम मिळालं. सकाळी उठला की टेबलावर वर्तमानपत्र पसरायचा आणि रायफल उघडायचा. आधी काडतुसाचं घर ब्रशने घासायचं, मग मॅगझिनचे ओठ वाकलेत का बघायचं, मग पुंगळीला ठोकर देणारी पट्टी, मग स्प्रिंग. बोल्ट ओढून खोटी काडतुसं बाहेर काढून बघायचं. एखादं निघायचं, पुढचं अडकायचं. दुपारपर्यंत तो कुठवर आलो हे विसरून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काजळीपासून सुरुवात करायचा. पण बोल्ट हातात असेपर्यंत हे घर कुणाचं, असं तो विचारत नसे. ओलीटाला बऱ्याच महिन्यांनी दुपारची झोप मिळू लागली, आणि तिच्या अंगावर थोडं मांसही चढलं.

डेन्सिल दर शनिवारी जायचा आणि बोलणी खाऊन यायचा. होबर्ट चर्चमध्येही गप्प बसला नाही. पोराला साधी बावीस दुरुस्त करता येत नाही, हे त्याने प्रार्थना संपल्या संपल्या सगळ्यांना ऐकवलं, आणि पुढच्या रविवारी सांगितल्याचं विसरून पुन्हा ऐकवलं. खोऱ्यातली माणसं टोमणे मारायला कधी चुकत नाहीत. दुकानात येऊन कुणी म्हणे, डेन्सिल, माझी कात्री अडकते, झेपेल का. एक जण तर आपली दुनळी घेऊन सरळ डोंगरापलीकडच्या मिस्त्रीकडे गेला. डेन्सिलला राग यायचा. तो कुणावर काढायचा, हेच कळत नव्हतं.

पानं झडून डोंगर उघडा पडला तेव्हाची गोष्ट. डेन्सिल दारातून आत आला तर ओलीटा शेगडीशी पांढरीफटक होऊन उभी. तिच्या पायाशी रायफलीतून उडालेलं एक खोटं काडतूस पडलं होतं. होबर्टने तिला अंडी आणायला पाठवलं. ती नाइलाजाने गेली. मग होबर्टने रायफल पुन्हा उचलली आणि बोल्ट ओढत राहिला. खोटी काडतुसं एकामागून एक बाहेर उडाली, टेबलावरून घरंगळली, एक घेवड्याच्या पातेल्यात पडलं. एकही अडकलं नाही.

"दार लाव," तो म्हणाला.

त्याच्या जुन्या तपकिरीच्या डबीत एक चांगला आकडा निघाला होता, तो त्याने बसवला होता. काढलेला आकडा भिंगाखाली ठेवून त्याने डेन्सिलला बघायला सांगितलं. डेन्सिल वाकला नाही. भिंगाखाली काय दिसणार ते त्याला ठाऊक होतं.

"झिजलेल्या लोखंडावर कानशीच्या रेघा नसतात," होबर्ट म्हणाला. "ह्याच्यावर आहेत, आणि सगळ्या डावीकडे झुकल्यात. ती कानस अशी धरू नकोस म्हणून तुला किती वर्षं सांगतोय, डावखुऱ्या?"

डेन्सिलने डावा हात खिशात घातला.

"पिन आखूड आहे. काडतुसात दारू नाही. एवढा खटाटोप कुणी उगाच करत नाही." त्याचे डोळे त्या दिवशी अगदी स्वच्छ होते. "मी कुणावर झाडली?"

थाप मारता आली असती. एकदोन थापा डेन्सिलच्या जिभेवरही आल्या. पण समोरचा माणूस आजच्यापुरता तरी तोच होता, ज्याच्यापुढे त्याची थाप कधी टिकली नव्हती, आणि त्याला फसवायचं डेन्सिलच्या जिवावर आलं.

"लॉन्झोवर. गॅसवाल्यावर. लागली नाही."

"दुसरी का नाही झाडली?"

"पुंगळी अडकली, काका."

होबर्टने खिडकीतून अक्रोडाच्या झाडाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं की मला हे कळलंय, ते ओलीटाला ठाऊक आहे का. डेन्सिलने नकारार्थी मान हलवली. मग ठाऊक होताही कामा नये, असं म्हणून म्हाताऱ्याने घासायचा दगड पुढे ओढला आणि त्यावर तेलाचे थेंब टाकले.

त्याने बोथट आकडा चिमट्यात धरला आणि दगडावर फिरवायला लागला. कानशीच्या रेघा एकेक करून गेल्या. टोक गोल झालं, गुळगुळीत झालं, वर्षानुवर्षं काडतुसं ओढून आपसूक झिजावं तसं झालं. डेन्सिलने इतकं सुबक काम होबर्टच्या हातून कधी पाहिलं नव्हतं.

"हे असं करायचं असतं," होबर्ट म्हणाला. "उद्यापरवा मी परत भिंग घेऊन बसेन. तेव्हा मला सापडता कामा नये."

त्याने बोथट आकडा बोल्टमध्ये बसवला. चांगला आकडा काढून डेन्सिलच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली. "घेऊन जा. घरात राहिला तर मी शोधून काढेन."

ओलीटा अंडी घेऊन आली तेव्हा रायफल पुन्हा अडकत होती. तिने डेन्सिलकडे पाहिलं. पट्टी जरा सरकली होती म्हणून मघाशी काडतुसं उडाली, असं डेन्सिलने तिला सांगितलं, आणि तिचा विश्वास बसला.

पुढच्या शनिवारी तो गेला तेव्हा होबर्ट टेबलाशी भिंग डोळ्याला लावून बसला होता. बोल्ट उघडा होता, आकडा बाहेर. डेन्सिल दारातच थांबला. पलीकडच्या खोलीतून ओलीटाच्या घोरण्याचा आवाज येत होता.

होबर्टने आकडा उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि खाली ठेवला. "झीज दिसतेय, दुसरं काही नाही," तो म्हणाला. मग त्याने चष्म्यावरून वर पाहिलं. त्या नजरेत मागच्या शनिवारचं काहीच उरलं नव्हतं. "बावीसची रायफल, लेका. एवढंसुद्धा जमलं नाही तुला?"

डेन्सिलचा हात खिशात गेला. चांगला आकडा तिथेच होता.

"नाही जमलं, काका."

"बस. दाखवतो."

डेन्सिल खुर्ची ओढून बसला.