ज्युलियाची प्रत, मेबलची प्रत

मेबलने खोडरबर घेतला आणि शेवटच्या ओळीखालचं पेन्सिलीचं ‘एफ’ पुसायला सुरुवात केली.

"हळूच शोभेल," ती म्हणाली. "तुझीच प्रत बरोबर."

ज्युलिया शेजारी आपली प्रत मांडीवर घेऊन बसली होती. दोघींना पियानो शिकवणारे रोझारिओ सर पंचावन्न साली गेले, त्याला आता वर्ष होत होतं. त्यांनी रचलेली धून मेबल रविवारी कुर्ल्याच्या चर्चच्या हॉलमध्ये पियानोवर वाजवणार होती. सरांनी दोघींना ती स्वतःच्या हाताने उतरवून दिली होती. सूर तेच, पण शेवटच्या ओळीला ज्युलियाच्या कागदावर ‘पी’, म्हणजे हळू, आणि मेबलच्या कागदावर ‘एफ’, म्हणजे जोरात. आठवडाभर दोघींची जुंपली होती. खरं तर भांडत होती ज्युलिया एकटीच. मेबलला हार मानायची सवय होती, आणि चारचौघांत जोरात वाजवायची तिला भीती वाटे.

दोघी सरांच्याच घरी बसल्या होत्या. सरांची बायको ल्युसी बोंबील साफ करता करता हात पुसत बाहेर आली. तिने पुसटलेलं ‘एफ’ पाहिलं आणि मेबलच्या हातातला खोडरबर काढून घेतला.

"ज्युलिया, तुझा बाप मालगाडीवर गार्ड. रात्रभर ड्युटी, दिवसभर झोप. घरी पियानो वाजला की केवढा खेकसायचा. म्हणून तुला हळू."

"मग खरं कुठलं, आंटी?"

"खरं मला काय ठाऊक? तुमचे सर माझ्यावर चिडले की जोरात वाजवायचे, कालवण जमलं की हळू."

"आणि मला ‘एफ’ का?" मेबलने विचारलं, पण इतक्या बारीक आवाजात की ल्युसीला कान पुढे करावा लागला.

"बघ," ल्युसी म्हणाली. "ह्या बारीक आवाजासाठी."

रविवारी ज्युलियाचा बाप जॉनी पहिल्याच रांगेत बसला. नोकरी संपली तरी दिवसाची झोप सुटली नव्हती. पहिल्या पानालाच तो घोरायला लागला. पानं उलटायला ज्युलिया उभी होती. समोर मेबलची प्रत होती, आणि तिच्यातलं पुसट ‘एफ’ कुणीतरी नव्याने गिरवलं होतं.

शेवटची ओळ आली. मेबलने ज्युलियाकडे पाहिलं, मग श्वास घेऊन दोन्ही हात जोरात पट्ट्यांवर टाकले. पहिल्या रांगेतलं घोरणं थांबलं. ज्युलियाने बापाकडे एकदा पाहिलं आणि मेबलच्या कानाशी वाकली.

"अजून जोरात," ती म्हणाली.