एकोणसाठ इंचांची टेप

मित्रांनो, माझ्या अंगावर साठ इंच छापलेले आहेत. खरे विचाराल तर आज एकोणसाठच उरले आहेत. मी शिवणकामाची एक जुनी टेप. कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते आणि माझ्या दोन्ही टोकांना पितळी पत्र्याच्या टोप्या होत्या. माझ्या बाईंनी नव्या शिलाई यंत्राबरोबर मला घेतले आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या गळ्यातच राहिले. गल्लीतल्या लेकींचे झगे, शाळेचे गणवेश, कुणाचे पोट सुटले, कुणाची उंची वाढली, सारे आधी मला कळायचे. "हिच्या मापाला तोड नाही," असे बायका म्हणायच्या. कौतुक बाईंचे असे, पण थोडे मीही वाटून घेई.

मग एकदा मी तापल्या इस्त्रीखाली सापडले. माझा पहिला इंच करपला. दुसरी कुणी असती तर मला केरात टाकले असते. बाईंनी तेवढा इंच नीट कापला, मला कुरवाळले आणि पुन्हा गळ्यात घातले. त्या दिवसापासून माप घेताना त्या मनात एक वजा करत आणि कापडावर खूण करताना एक मिळवत. बारा वर्षे त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. चुकला नाही म्हणून कुणाला सांगायचेही राहून गेले.

पुढे बाईंच्या यजमानांना दूरदेशी नोकरी लागली. यजमान आधी गेले, मागून बाई निघाल्या. मी त्यांच्या हातपिशवीत होते. थोरली नणंद त्याच गावात अठरा वर्षे एका शिवणघरात कापड बेतायचे काम करीत होती. तिने मालकिणीकडे शब्द टाकून ठेवला होता.

पहाटे पोचलो. बाईंना सगळेच उलटे वाटत होते. दिव्याची बटणे खाली दाबायची ती वर, नळ डावीकडे फिरवायचा तो उजवीकडे. रस्ता ओलांडताना त्या भलतीकडे बघत निघाल्या, तेव्हा नणंदेने कोपराला धरून मागे ओढले आणि म्हणाली, "वहिनी, इथं मरण डावीकडून येतं. आधी तिकडं बघायचं." दोघी भर रस्त्यात हसत सुटल्या.

खरे तर तो दिवस विश्रांतीचा. पण शिवणघरात गाणाऱ्या मुलांच्या एका मंडळाचे बारा पांढरे सदरे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि एक हात कमी होता. मालकिणीने निरोप धाडला होता की पाहुणीला आजच घेऊन या. काम पसंत पडले तर उद्यापासून ठेवीन, नाही तर राम राम. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले आणि मला गळ्यात घातले.

लांब खोली, ओळीने सहा यंत्रे, खिडकीशी कापायचे मोठे टेबल. बाई सदऱ्यांच्या निळ्या गळपट्ट्या शिवायला बसल्या. नणंदेने पांढऱ्या कापडाचे थर एकावर एक रचले. बाहीचा आकार पुठ्ठ्यावर होता, लांबी तेवढी टेपने घ्यायची. तिची टेप घरी राहिली होती. तिने जाता जाता माझ्या बाईंच्या गळ्यातून मला उचलले. बाईंची मान सुईवर होती. कापणाऱ्या हाताला टोकाकडे बघायची सवय नसते. तिने माझे टोक कडेला धरले, चौदावर खूण केली आणि कात्री चालवली. एका दमात चोवीस बाह्या तेराच्या झाल्या. मला ओरडता आले असते तर! पण टेपला जीभ असते ती फक्त मोजायला.

तासाभराने मालकिणीने पहिली बाही आपल्या टेपवर धरली. मग दुसरी. चष्मा काढला, पुसला, पुन्हा धरली. पांढरे कापड संपलेले होते. "अठरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं," एवढेच ती नणंदेला म्हणाली. आवाज चढला असता तर बरे, इतका तो हळू होता. नणंद बाह्यांकडे बघत राहिली. आपलेच डोळे आता गेले, असे तिला वाटले असावे.

बाईंची नजर टेबलावर वेटोळे करून पडलेल्या माझ्यावर गेली आणि त्यांना सारे उमगले. बोलल्या नसत्या तर कुणाला कळले नसते. दोष नणंदेच्या माथी आला असता आणि नोकरी बाईंच्या पदरी पडली असती. त्यांना तिथल्या भाषेचे जेमतेम दहा-बारा शब्द येत होते. त्या उठल्या. मला मालकिणीच्या टेपशेजारी ताणून ठेवले, तुटक्या टोकावर बोट ठेवले आणि मग तेच बोट आपल्या छातीला लावले.

मालकिणीने दोन टेपा पाहिल्या, मग बाईंचा चेहरा. नणंदेने मात्र कमरेवर हात ठेवले. "दहा वर्षं माझ्या भावाचा संसार करतेस, आणि घरात एकोणसाठ इंचांची टेप आहे हे सासरी कुणाला सांगितलं नाहीस?"

"वन्सं, मला वाटायचं, सगळ्यांना ठाऊकच आहे."

नणंदेला हसू आवरेना. तिने ते मालकिणीला त्यांच्या भाषेत सांगितले, तेव्हा बाकीची पाचही यंत्रे थांबली आणि सारी खोली हसली.

पण बाह्या हसून लांब होत नाहीत. गळपट्ट्यांचे निळे कापड उरले होते. बाईंनी त्याच्या पट्ट्या कापल्या, या खेपेला मालकिणीच्या टेपने, आणि प्रत्येक बाहीला एक इंचाची निळी कड लावली. दोघी शेजारी बसून शिवत होत्या. दिवस कलताना सदरे तयार झाले. मंडळाच्या शिक्षिकेने निळ्या कडा पाहून विचारले, हे आधी का सुचले नव्हते? मालकिणीने खोकल्यासारखे केले. बाई निघताना मालकीण त्यांना म्हणाली, "उद्या आठला ये." नणंदेने त्याचे मराठी करून दिले, पण बाईंना ते आधीच कळले होते.

त्या संध्याकाळी बाईंनी माझ्या तुटक्या टोकाला लाल दोरा घट्ट शिवला. आता मला कुणीही उचलले की हा दोरा का, असे विचारते आणि विचारले की सांगावेच लागते.

मित्रांनो, जुनी वस्तू उणी झाली म्हणून टाकू नका. तिची खोड तुम्हाला पाठ असेल, पण समोरच्याला नसते. तेव्हा ती कुणाच्या हाती देताना तिचे उणे आधी सांगा. एवढे केलेत, तर आम्ही एकोणसाठ इंचवाल्यासुद्धा कुणाचे माप चुकू देणार नाही.